नळी कापायच्या आधी मूठ बघा: मुंबईत परवान्याचं पिस्तूल बाळगणाऱ्या नवख्यांसाठी

परवाना हातात पडतो, शस्त्र घरी येतं आणि महिनाभरात एकच तक्रार सुरू होते: हे कमरेला लावून दिवसभर वावरताच येत नाही. गाडीत बसलं की मांडीच्या सांध्यात रुततं, वाकलं की शर्टाखाली फुगवटा दिसतो. मग कुणीतरी सल्ला देतं, नळी इंचभर तोकडी करून घ्या, ओळखीचा कारागीर आहे. हा लेख तो सल्ला मिळालेल्यांसाठी आहे. नळी का कापायची नाही, खरी अडचण कशी शोधायची, दुकानातून काय करून घेता येतं आणि तेवढ्याने भागलं नाही तर शस्त्र रीतसर कसं बदलायचं, हे सगळं क्रमाने सांगतो.

आधी कायद्याचं, कारण ते दोन मिनिटांत संपतं

शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम ६ नेमकं याच कामाबद्दल आहे. त्यासाठीचा परवाना असल्याशिवाय कुणालाही बंदुकीची नळी तोकडी करता येत नाही. ‘कुणालाही’ म्हणजे तुम्हालाही नाही आणि कारागिरालाही नाही. दुरुस्तीचा विषय कलम ५ मध्ये वेगळा आहे, त्यामुळे ‘दुकानात दुरुस्ती चालते, म्हणजे हेही चालत असेल’ हा तर्क टिकत नाही. शिक्षा कलम २५(१) मध्ये आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ती किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप आणि वर दंड अशी झाली. पूर्वी किमान तीन वर्षं होती. ‘आमच्याकडे पंधरा वर्षांपूर्वी करून घेतलं होतं’ असं सांगणाऱ्या काकांच्या डोक्यात बहुधा जुना कायदा असतो, किंवा कुठलाच नसतो.

कुर्ल्याच्या किंवा साकीनाक्याच्या गाळ्यात लेथ चालवणारा माणूस हाताने कितीही कसबी असो, त्याच्याकडे शस्त्र नुसतं सोपवणंसुद्धा गुन्हा आहे. मग त्याने नळीला हात लावला की नाही, हा पुढचा प्रश्न. शिवाय रिव्हॉल्व्हरच्या नळीवर बरेचदा खुणा आणि मजकूर ठोकलेला असतो. तो अर्धवट कापला गेला, तर पुढच्या तपासणीत तुम्ही काय सांगणार?

पायरी १: टोचतं काय ते शोधा

ही पायरी बहुतेक लोक गाळतात आणि पुढचे सगळे पैसे तिथेच वाया जातात. एक निवांत सकाळ काढा.

शस्त्र रिकामं करा, आणि क्रम चुकवू नका. पिस्तूल असेल तर आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड (वरचा मागे-पुढे सरकणारा भाग) मागे. उलटं केलंत तर चेंबरमधलं, म्हणजे नळीच्या मागच्या घरातलं, काडतूस बाहेर पडतं, पण स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधलं वरचं काडतूस पुन्हा आत ढकलते. तुम्हाला वाटतं रिकामं झालं, आणि ते भरलेलं असतं. घरात चुकून सुटणाऱ्या गोळ्यांमागे हीच चूक वारंवार असते. मॅगझिन काढल्यावर स्लाइड तीनदा ओढा, मागे धरून ठेवा, चेंबरमध्ये बघा आणि करंगळीचं टोक घालून चाचपा. अंधुक उजेडात डोळ्यांना फसायला होतं, बोटाला नाही. रिव्हॉल्व्हर असेल तर सिलिंडर उघडून सगळी घरं मोजा. हे सगळं होईपर्यंत नळीचं तोंड वाळूने गच्च भरलेल्या बादलीकडे असू द्या. फ्लॅटमधली चार इंची विटांची भिंत आड आहे म्हणून पलीकडचा शेजारी सुरक्षित आहे, असं धरून चालू नका. काडतुसं दुसऱ्या खोलीत, कुलपात.

आता रिकामं शस्त्र होल्स्टरमध्ये, होल्स्टर पट्ट्यावर, आणि वर रोजचा शर्ट. घरात अर्धा तास वावरा. जेवणाच्या खुर्चीत बसा, मांडी घालून जमिनीवर बसा, बुटाची नाडी बांधा, वरच्या फळीवरचा डबा काढा. प्रत्येक वेळी आरशात बघा आणि दोन गोष्टी लिहून ठेवा: कुठे टोचलं आणि कुठे दिसलं.

बहुतेकांच्या यादीत सारखंच येतं. टोचतो तो मागचा वरचा भाग, म्हणजे घोडा (हॅमर) आणि स्लाइडचं टोक. तो बरगडीखाली लागतो. दिसते ती मुठीची खालची मागची कड. वाकलं की ती शर्टाला तंबूसारखी वर उचलते. नळी यादीत क्वचितच येते. ती पट्ट्याच्या खाली, विजारीच्या आत, कुणाला दिसणार नाही अशा जागी असते. लांबीची खरी तक्रार येते ती पोटापाशी, समोरच्या बाजूला होल्स्टर लावणाऱ्यांची, आणि तीही बसल्यावर. तिथे उपाय जागा बदलण्याचा आहे.

उलट नळीची लांबी तुमच्या बाजूने काम करते. पट्टा ही तराजूची दांडी समजा. वरची मूठ बाहेर कलायला बघते, खालची नळी आणि होल्स्टर तिला अंगाकडे धरून ठेवतात. खालचा भाग तोकडा केला की वरचा जड होतो आणि मूठ आणखी बाहेर येते. म्हणजे ज्या फुगवट्यासाठी नळी कापली, तो फुगवटा वाढतो.

यंत्राच्या आत काय बिघडतं

कायदा बाजूला ठेवला तरी पिस्तुलाची नळी कापणं हा वेडगळ धंदा का आहे, हे कळलेलं बरं. एकदा कळलं की मोह राहत नाही.

परवान्यावर मिळणारी पिस्तुलं मुख्यतः .३२ ची, म्हणजे ७.६५ मिमीची. या वर्गातली बरीचशी साध्या ब्लोबॅक पद्धतीवर चालतात. गोळी पुढे जाते त्याच वेळी टरफल मागे रेटतं. त्याला आवरायला कुठलंही कुलूप नसतं, असतं फक्त स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग. अशा पिस्तुलाची एकूण लांबी नळी ठरवत नाही, स्लाइड आणि फ्रेम ठरवतात. नळी स्लाइडच्या पोटात असते. नुसती नळी वीस मिलिमीटर कापली तर बाहेरून पिस्तूल होतं तेवढंच राहतं. कमी होते फक्त गोळीची धाव, आणि तोंडचा जाळ नि काजळी स्लाइडच्या आतच साचायला लागते. वाल्थर पीपी किंवा जुन्या ब्राउनिंग १९१० सारख्या रचनेत तर रिकॉइल स्प्रिंग नळीभोवतीच गुंडाळलेली असते. नळीचं पुढचं टोक तिला सरळ ठेवतं. ते टोक गेलं की स्प्रिंग वाकडी दबते, अडकते.

मग स्लाइडही कापू, असं कुणी म्हणेल. स्लाइडचं वजन दहा टक्के घटलं तर तोच धक्का घेऊन ती साधारण अकरा टक्के जास्त वेगाने मागे येते आणि तितक्याच जादा ऊर्जेने फ्रेमवर आदळते. पहिल्या दहा गोळ्यांत काही जाणवत नाही. मग टरफलं नीट बाहेर पडेनाशी होतात, पुढचं काडतूस वर यायच्या आत स्लाइड पुढे निघून जाते, एक्स्ट्रॅक्टर (टरफल ओढून काढणारी आकडी) तुटतो आणि शेवटी फ्रेमला केसासारखी चीर जाते. कडक स्प्रिंग घालून हे झाकता येतं, पण मग स्लाइड ओढायला मनगटात ताकद लागते, आणि छोटी लांबी बहुधा ज्यांच्यासाठी हवी असते त्यांच्याच हातात ती नसते.

नळीच्या तोंडाची कड, जिला कारागीर क्राउन म्हणतात, ही सगळ्यात नाजूक जागा. गोळी नळी सोडते त्या क्षणी मागचा वायू चहूबाजूंनी सारखा सुटला पाहिजे. कड जराशी तिरकी असेल, आतल्या पिळाच्या एखाद्या खाचेत बुरा राहिला असेल, तर वायू एका बाजूने आधी सुटतो आणि गोळीच्या बुडाला धक्का देतो. तिथून ती डुलतच जाते. ग्राइंडरने कापलं तर वर उष्णतेचा प्रश्न येतो. पोलाद निळसर-जांभळं दिसलं की त्याचं पाणी उतरलं समजायचं.

नेमाचा हिशोब तर कागदावरच करता येतो. नेम धरायची मागची खाच आणि पुढची माशी (नळीच्या टोकावरचा उंचवटा) यांच्यात १३० मिमी अंतर असेल आणि माशी एक मिलिमीटरने हलली, तर दहा मीटरवर गोळी सुमारे ७७ मिमी सरकते. तेच अंतर १०५ मिमी केलं तर ९५ मिमी सरकते. नवख्याचा हात एक मिलिमीटरपेक्षा जास्तच हलतो. आणि .३२ मुळात ताकदवान काडतूस नाही. ४.६ ग्रॅमची गोळी सेकंदाला २७५ मीटरने सुटली तर ऊर्जा १७५ ज्यूलच्या आसपास. वेग २६० वर आला की ती १५५ होते. शिल्लक कमी असलेल्या खात्यातूनच आपण पैसे काढतोय.

रिव्हॉल्व्हरला स्लाइड नाही, त्यामुळे तिथे नळी कापली तर लांबी खरोखर कमी होते. म्हणून तिथे मोह जास्त. पण कमरेला रिव्हॉल्व्हर फुगतं ते सिलिंडरमुळे, आणि सिलिंडर तेवढंच राहतं. माशी नळीच्या टोकावरच असते, ती कापण्यात जाते. नवी बसवताना उंची चुकली की गोळी वर-खाली लागते: माशी उंच झाली तर गोळी खाली, बुटकी झाली तर वर. मधून मोडून उघडणाऱ्या जुन्या वेब्ली पद्धतीच्या रिव्हॉल्व्हरांत नळी, वरची पट्टी आणि बिजागरी हा सगळा एकच तुकडा असतो. तिथली चूक म्हणजे तो अख्खा तुकडा गेला.

कारखान्यांनी स्वतः पिस्तुलं छोटी-मोठी केली तेव्हा काय केलं, हे बघण्यासारखं आहे. वाल्थरने १९२९ च्या पीपीवरून थोड्याच काळात लहान पीपीके काढलं, तेव्हा नळी आणि स्लाइड तर आखूड केलीच, पण मूठही तोकडी केली; .३२ च्या मॅगझिनमध्ये आठऐवजी सात काडतुसं राहिली. ब्राउनिंग १९१० वरून लांब १९२२ काढताना उलट दिशेने हेच झालं: नळी वाढली, स्लाइडला पुढे जोड आला आणि मूठही लांबली. नळी एकटी कधी बदललेली नाही. घरी आजोबांच्या वेळचं असं विलायती पिस्तूल असेल तर त्याला कानसही लावू देऊ नका. त्याचे सुटे भाग आता मिळत नाहीत, आणि न छेडलेल्या शस्त्राला जी किंमत येते ती छेडलेल्याला येत नाही.

पायरी २: पट्टा आणि होल्स्टर

नळी कापायला जो खर्च सांगितला जातो त्याच्या अंशात ही पायरी होते, आणि दहातल्या आठ तक्रारी इथेच मिटतात.

पट्टा ३८ मिमी रुंद घ्या, दुहेरी चामड्याचा किंवा आत कडक पट्टी असलेला. तपासायची पद्धत सोपी: पट्टा आडवा धरून पिळून बघा. सहज पिळला तर तो विजार सांभाळायला ठीक आहे, पाऊण किलो लोखंड सांभाळायला नाही. ऑफिसचा ३० मिमीचा पातळ पट्टा शस्त्राच्या बाजूने खाली लोंबतो आणि मूठ बाहेर काढतो. लोक दोष पिस्तुलाला देतात. विजारीच्या आत होल्स्टर लावणार असाल तर कंबर दोन इंच वाढवून शिवा.

होल्स्टर त्याच मॉडेलसाठी बनवलेलं हवं. फुटपाथवर मिळणारं ‘सगळ्यांना बसणारं’ कापडी होल्स्टर कुणालाच धड बसत नाही. बघायच्या गोष्टी चार: ट्रिगर आणि भोवतीची कडी पूर्ण झाकली जाते का, शस्त्र बाहेर काढल्यावर तोंड उघडं राहतं का, वरून पट्टी किंवा घट्ट पकड आहे का, आणि मूठ दहा-पंधरा अंश पुढे झुकते का. शेवटची गोष्ट लपवण्यासाठी सगळ्यात कामाची. सरळ उभी मूठ कोपरामागे बाहेर येते, झुकलेली बरगडीच्या वळणात बसते. उजव्या हाताच्या माणसाने घड्याळाचे चार वाजतात त्या जागी, कमरेच्या हाडाच्या जरा मागे लावून बघावं. मग होल्स्टरच्या खालच्या टोकाला, अंगाच्या बाजूने, फोमचा बोटभर जाड तुकडा चिकटवा. नळीचं टोक अंगापासून दूर ढकललं जातं आणि वरची मूठ आत येते. पन्नास रुपयांचा हा उपाय पाहून लोक हसतात, मग करून बघतात.

धारावीत चामड्याचं होल्स्टर मापाने करून मिळतं, पण माप द्यायला शस्त्र घेऊन जाऊ नका. पुठ्ठ्यावर पेन्सिलने बाह्यरेषा काढा, जाडी तीन ठिकाणी कॅलिपरने मोजून लिहा आणि तेवढाच साधा लाकडी ठोकळा सुताराकडून करून द्या. चामडं तीन ते साडेतीन मिमीचं सांगा. त्याहून पातळ असलं तर घामाने मऊ होऊन त्याची घडी ट्रिगरच्या कडीत जाते, आणि शस्त्र आत सरकवताना तीच घडी ट्रिगर दाबते.

शर्ट एक माप मोठा, गडद किंवा चौकड्यांचा, खाली सरळ कापलेला. पांढरा तलम शर्ट जुलैत अंगाला चिकटला की आतलं सगळं दिसतं. ही नुसती आवडीनिवडीची बाब नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक जागी हातशस्त्र होल्स्टरमध्ये किंवा तशा आवरणात, पूर्ण झाकलेलं आणि तुमच्या ताब्यात असावं लागतं.

नवख्यांनी चेंबर रिकामं ठेवून बाळगावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. जुन्या पिस्तुलांत पडल्यावर गोळी सुटू नये यासाठीची अडसर-यंत्रणा नसते. जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये याच कारणासाठी घोड्याखालचं घर मोकळं सोडतात. आणि शस्त्र पडण्याची नेहमीची जागा कुठली, तर संडास. विजार खाली केली की पट्टा सैल होतो आणि जड बाजू आधी खाली येते. बसण्याआधी होल्स्टरची पट्टी लावलेली आहे ना, हे चाचपायची सवय लावा. शस्त्र काढून फ्लशच्या टाकीवर ठेवणारे ते तिथेच विसरून बाहेर येतात.

पायरी ३: परवानाधारक कारागिराकडून काय करून घ्यायचं

मुठीच्या पट्ट्या. बस, बहुतेकदा एवढंच. रबरी जाड ग्रिप हाताला छान लागते, पण शर्टाचं कापड तिला चिकटून वर ओढलं जातं. गुळगुळीत लाकडी किंवा पातळ कडक पट्ट्या बसवा आणि खालच्या टोकदार कडा गोल करून घ्या. दोन्ही बाजू मिळून तीन-चार मिलिमीटर जाडी कमी झाली तरी आरशात फरक दिसतो. मूळ पट्ट्या जपून ठेवा.

याशिवाय थकलेली रिकॉइल स्प्रिंग मूळ ताकदीचीच बदलणं, गंज काढून पुन्हा ब्लूइंग (धातूवरचा निळसर-काळा थर) करणं, सैल झालेली माशी घट्ट करणं, बाहेरच्या धारदार कडा मोडणं ही रास्त कामं. ट्रिगर हलका करून मागू नका. कमरेच्या शस्त्राला हलका ट्रिगर हा दोष आहे.

जाताना शस्त्र रिकामं, सोबत मूळ परवाना. दुकानाच्या नोंदवहीत नंबरासह नोंद झाली पाहिजे, आणि पावतीवर शस्त्राचा प्रकार, बोअर (नळीच्या भोकाचं माप), नंबर, दिलेली तारीख व कामाचा तपशील हवा. ‘पावती कशाला, आपलं घरचंच आहे’ असं म्हणणाऱ्या दुकानातून तसेच परत या. शस्त्र तिथे असताना रस्त्यात चौकशी झाली, किंवा दुकानात काही घडलं, तर ती पावतीच तुमच्या बाजूने बोलते. परत घेताना नंबर स्वतः वाचून ताडा आणि काम पुसट उजेडात बघू नका.

कुठलंही काम झालं की शस्त्र कमरेला लावण्याआधी रेंजवर चालवा. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे. जाण्याआधी सदस्यत्वाचं आणि वेळेचं विचारून घ्या. किमान दोन मॅगझिन भरून चालवा, रोज बाळगता त्याच काडतुसांनी. परवान्यावर काडतुसांची संख्या ठरलेली असते, तेव्हा सरावाचा हिशोब वर्षाच्या सुरुवातीलाच धरा.

पायरी ४: तरीही मोठंच वाटत असेल तर शस्त्र बदला

छोट्या शस्त्राचा रीतसर रस्ता आहे. लांब आहे, पण तुरुंगातून जात नाही.

आधी पर्याय हातात घेऊन बघा. कानपूरच्या आयुध कारखान्याचं निर्भीक २०१४ मध्ये आलं, सहा गोळ्यांचं .३२ रिव्हॉल्व्हर, वजन सुमारे ५०० ग्रॅम. ईशापूरचं .२२ चं निडर तर जेमतेम पाव किलोचं. २०२३ मध्ये आलेलं प्रबल .३२ चंच, नळी ७६ मिमी, एकूण लांबी १७७.६ मिमी, वजन सातशे ग्रॅमच्या आसपास. त्याचं सिलिंडर बाजूला उघडतं. ईशापूरचं .३२ पिस्तूल अशनी चपटं, म्हणून कमरेला रिव्हॉल्व्हरपेक्षा कमी फुगतं. आकडे कागदावर पाहून ठरवू नका. हलकं शस्त्र बाळगायला सुखाचं आणि चालवायला झटकेबाज असतं, आणि तळहाताची करंगळी जिथे मुठीवर मावत नाही तिथे नेम दुसऱ्या गोळीलाच सुटतो. दुकानात पट्टा आणि होल्स्टर लावून, रिकाम्या शस्त्राने, बसून बघायची परवानगी मागा.

मग कागद. मुंबई शहर नि उपनगरांसाठी परवाना प्राधिकारी पोलीस आयुक्त, कचेरी क्रॉफर्ड मार्केटसमोर. ठाणे, नवी मुंबई आणि मीरा-भाईंदर वसई-विरार ही वेगळी आयुक्तालयं आहेत. पत्ता विरारचा असेल तर मुंबईत खेटे घालू नका. आधी शस्त्र बदलायची परवानगी मागा, मग जुनं विका. परवानाधारक विक्रेत्याला विकणं सोपं. दुसऱ्या परवानाधारक व्यक्तीला विकायचं असेल तर कलम ५ नुसार जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला लेखी कळवावं लागतं आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबावं लागतं. अर्जाच्या प्रतीवर पोच शिक्का घ्या. दिवस तिथून मोजले जातात. घाईने चव्वेचाळिसाव्या दिवशी व्यवहार केला तर दोघेही अडचणीत.

परवान्यावर एकच शस्त्र असेल तर जुनं जाऊन नवं येईपर्यंत मध्ये काही काळ हात रिकामे राहतील, तो धरून चाला. जुनं ठेवून दुसरं घ्यायचा विचार असेल तर २०१९ पासून एका माणसाला कमाल दोनच शस्त्रं ठेवता येतात, पूर्वी तीन चालत. नवं घेतल्यावर नंबर परवान्यावर चढला आहे हे तिथल्या तिथे वाचा. एक आकडा चुकला तर दुरुस्तीला महिने जातात. परवान्याची मुदत आता पाच वर्षं आहे, आणि तो महाराष्ट्रापुरता की देशभराचा तेही पाहून घ्या. नाशिकहून पुढे सिल्वासाला निघालेल्यांना ते रस्त्यात कळतं.

कुठे नेऊ नये

छोटं झालं म्हणून सगळीकडे नेता येतं असं नाही. विमानतळ, न्यायालय, मेट्रो, मॉल यांच्या दारात तपासणी होते आणि तिथे ‘परवाना आहे’ हे उत्तर पुरत नाही. विमानाने न्यायचं तर कंपनीला आधी कळवून, रिकामं, नोंद करून, सामानात. गाडीत ठेवून आत जाणं हा मार्ग नाही. काच फोडायला तीस सेकंद पुरतात. अशा दिवशी शस्त्र घरच्या तिजोरीतच राहू द्या. लग्नाच्या वरातीत तर नकोच: हर्षभरात हवेत गोळी झाडण्याला २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. निवडणुकीची आचारसंहिता लागली की शस्त्र जमा करायची नोटीस येऊ शकते. जमा करताना पावतीवर नंबर आणि शस्त्राची अवस्था लिहून घ्या, आणि आधी तेल लावून द्या, कारण पोलीस ठाण्याच्या कपाटात ते पावसाळाभर पडून राहू शकतं.

मुंबईची हवा

अंगावरचं शस्त्र गंजतं ते घामाने, आणि इथे वर खारी हवा. जून ते सप्टेंबर रोज संध्याकाळी कोरड्या सुती फडक्याने पुसून गन ऑइलचा पातळ हात द्या. मुठीखालची धातूची जागा आणि पट्टीचे स्क्रू आधी गंजतात, तिथे आठवड्याने एकदा पट्ट्या काढून बघा. खोबरेल तेल वापरू नका. थंडीत गोठतं आणि जुनं झालं की चिकट होऊन कचरा धरतं. शिलाई मशीनचं तेल वेळ मारून न्यायला चालेल. काडतुसांना मात्र कुठलंच तेल नको. ते टोपीच्या (प्रायमरच्या) कडेने आत झिरपलं की काडतूस फुसकं निघतं.

रात्री चामड्याच्या होल्स्टरमध्ये शस्त्र ठेवायचं नाही. चामडं दिवसभराचा घाम धरून ठेवतं आणि पितळी टरफलांवर हिरवा थर चढतो. तिजोरी पावसाची ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीला लावू नका. आत सिलिका जेलची पाकिटं ठेवा आणि रंग बदलला की बदला. नळीत रोज टॉर्च मारून बघा. आत पिळाच्या खाचा चकाकत असतील तर ठीक. तपकिरी ठिपका दिसला तर त्याच रात्री ब्रश, सॉल्व्हंट आणि तेल.